दहा मीटर एअर रायफल आणि पिस्तूल: मुंबईतल्या नवशिक्याने कोणते साहित्य, कोणत्या क्रमाने घ्यावे

नेमबाजीच्या वर्गात नाव घातले की पहिल्याच महिन्यात घरात विषय निघतो, बंदूक कोणती घ्यायची? आमचे उत्तर असे की एवढ्यात कोणतीच नाही. बंदूक ही या खेळातली सगळ्यात महाग वस्तू आहे, पण सगळ्यात आधी घ्यायची वस्तू नाही. जे साहित्य अंगाला लागते ते आधी, बंदुकीच्या आत जाते ते (पेलेट म्हणजे शिशाची बारीक गोळी, आणि हवा) त्यानंतर, आणि बंदूक सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा झाला की दीड-दोन वर्षांत तीच बंदूक विकायला काढावी लागते. मूल वाढते, उभे राहण्याची पद्धत बदलते, कधी कधी रायफलवरून पिस्तुलावर जावेसे वाटते.

क्लब आधी, खरेदी नंतर

मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, दादरला स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकात नेमबाजीचे प्रशिक्षण मिळते, आणि पनवेलच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी ऑलिम्पिक नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. उपनगरांत आणि ठाण्यात लहान रेंजही बऱ्याच आहेत. रेंज निवडताना तीन गोष्टी विचारा: नवशिक्यांसाठी क्लबच्या बंदुका आहेत का, हवा भरायची सोय कशी आहे, आणि डावखुऱ्यांसाठी निदान एक रायफल आहे का. पहिले सहा महिने क्लबच्याच बंदुकीवर काढायचे.

या काळात दोन गोष्टी ठरतात. पहिली म्हणजे तुमचा प्रमुख डोळा. दोन्ही हात समोर लांब करा, तळव्यांच्या मधे छोटा त्रिकोण करा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून समोरच्या इमारतीची एखादी खिडकी पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने खिडकी त्रिकोणातच राहते तो प्रमुख. उजव्या हाताच्या माणसाचा प्रमुख डोळा डावा निघाला, तर रायफलसाठी डाव्या खांद्यावरून शिकून पाहावे किंवा डाव्या डोळ्यासमोर आडपडदा लावून उजव्याने नेम धरावा. हा निर्णय प्रशिक्षकासोबत सुरुवातीलाच घ्या, कारण डावी आणि उजवी रायफल वेगळी असते. जाकीटही तसेच.

दुसरी गोष्ट म्हणजे रायफल की पिस्तूल. रायफलला कपडे, बूट, हातमोजा असा मोठा संसार लागतो. पिस्तुलाला फार कमी लागते, पण एका हाताने, कसलाही आधार न घेता ते तासभर धरायचे असते. बजेट तंग असेल तर पिस्तुलाकडे वळणे चुकीचे नाही.

कायदा थोडक्यात

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर म्हणजे ०.१७७ इंचांपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल साधारण ७.५ ज्यूलची असते, म्हणजे मर्यादेच्या बरीच खाली. तरीही बिल, क्लबचे ओळखपत्र आणि स्वतःचे ओळखपत्र बंदुकीच्या केसमध्येच ठेवा. बंदूक बंद, कुलूपबंद केसमधूनच न्या. सोसायटीच्या गच्चीवर, पॅसेजमध्ये, गॅलरीतून कबुतरांवर चालवणे हा खेळ नाही आणि तसे करणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. लोकलने नेताना गर्दीची वेळ टाळा. मागची साइट (नेम धरायला बंदुकीवर बसवलेला भाग) काढून वेगळ्या डबीत ठेवा, कारण डब्यातल्या एका धक्क्याने झीरो, म्हणजे नेमाशी जुळवलेली तिची जागा, हलते.

अंगाला लागणारे साहित्य

पहिली खरेदी अगदी स्वस्त आहे: न वापरायच्या डोळ्यासमोरचा आडपडदा. डोळा घट्ट मिटून नेम धरला की दुसऱ्या डोळ्यावरही ताण येतो. पडदा अर्धपारदर्शक पांढरा घ्या, काळा नको. काळ्याने दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार बदलतो. डोक्याच्या पट्टीला लावायच्या पडद्याची रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही.

रायफलवाल्यांनी पुढे हातमोजा आणि बूट घ्यावेत. हातमोज्याची एकूण जाडी १२ मिलिमीटरच्या आत हवी. बुटांचा तळ पुढच्या भागात १० मिलिमीटरपर्यंत आणि वरचे चामडे ४ मिलिमीटरपर्यंत चालते. बुटात उभे राहिल्यावर टाच आणि अंगठ्यामागचा भाग दोन्ही जमिनीला सपाट टेकले पाहिजेत. पिस्तुलाच्या बुटाने घोटा झाकता कामा नये, म्हणून सपाट तळाचे साधे स्पोर्ट्स शूज सुरुवातीला पुरतात.

जाकीट आणि पँट यांत लोक जास्त चुकतात. नियमाप्रमाणे कापडाची जाडी एकेरी २.५ आणि दुहेरी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, आणि कापड ठरावीक मर्यादेपेक्षा कडक नसावे. स्पर्धेत ते यंत्राने मोजतात. नवशिका "कडक म्हणजे चांगले" म्हणून सगळ्यात कडक जाकीट घेतो आणि पहिल्याच राज्य स्पर्धेत ते बाद ठरते. मुंबईत दमट हवेने कापड मऊ पडते आणि एसीच्या रेंजमध्ये पुन्हा ताठरते, म्हणून काठावरचे जाकीट घेऊच नका. माप द्यायचे ते तीन-चार महिन्यांनी, म्हणजे उभे राहण्याची ढब बसल्यावर. आत एक पातळ स्वेटशर्ट घालूनच माप द्या. जाकीट उभ्या स्थितीत पाठीला आणि कमरेला आधार देईल इतके घट्ट हवे, पण श्वास घेताना बरगड्या अडकता कामा नयेत. वाढत्या वयाच्या मुलाला शिवून घेण्याऐवजी क्लबमधल्या मोठ्या मुलाचे वापरलेले जाकीट घेणे केव्हाही शहाणपणाचे.

पेलेट

दहा मीटरच्या स्पर्धेत ४.५ मिलिमीटरचे, चपट्या तोंडाचे शिशाचे पेलेट वापरतात. चपटे तोंड कागदावर स्वच्छ गोल भोक पाडते. रायफलचे पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचे, पिस्तुलाचे त्याहून हलके, ०.४५ ते ०.४८ ग्रॅमच्या आसपास. डब्यात ५०० असतात. आठवड्यात चार दिवस, दिवसाला १०० शॉट्स धरले तर महिन्याला तीन डबे सहज संपतात. म्हणून पेलेटचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा.

आरडब्ल्यूएस आर-१०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी ही नावे रेंजवर कानावर पडतीलच. पण डब्यावरचे नाव अर्धीच गोष्ट सांगते. त्याच नावाचे पेलेट ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या डोक्याच्या मापांत येतात, आणि प्रत्येक बॅरलला (बंदुकीच्या नळीला) त्यातले एखादेच मानवते. एकाच मापातही बॅचप्रमाणे फरक पडतो. शेजारच्या लेनवरच्या मुलीला ४.५० चांगले लागते म्हणून तेच घेणे हे अंधारात दगड मारण्यासारखे.

हे माप किती महत्त्वाचे, ते हिशेबाने पाहा. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा. पेलेटची कड त्याला लागली तरी दहा मिळतात, म्हणजे पेलेटचे केंद्र मध्यापासून २.५ मिलिमीटरच्या आत हवे. बंदूक शिकंज्यात आवळून मारलेल्या १० शॉट्सचा गुच्छ, म्हणजे कागदावर एकत्र पडलेली भोके, बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत ९.५ मिलिमीटर भरला, तर नेम अगदी अचूक असतानाही तुम्ही दहाच्या काठावर आहात. बॅरल आणि पेलेटची चांगली जोडी जमली की हाच गुच्छ ७ मिलिमीटरच्या आत येतो. पिस्तुलाचा दहाचा वर्तुळभाग ११.५ मिलिमीटरचा, त्यामुळे तिथे २०.५ मिलिमीटरचा गुच्छही दहात बसतो. अर्थ असा की पिस्तूलवाल्याने महागड्या पेलेटवर पैसे घालू नयेत, सरावाच्या मध्यम दर्जाचे पुरते.

निवड करायची पद्धत:

१. पेलेटची तीन-चार मापे प्रत्येकी एकेक डबा घ्या. क्लबमध्ये उघडे डबे मिळाले तर आणखी उत्तम.

२. बंदूक शिकंज्यात धरा. तो नसेल तर टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून बसून मारा.

३. माप बदलले की आधी ५ शॉट्स मारून ते सोडून द्या, म्हणजे बॅरलमधला आधीच्या पेलेटचा शिशाचा थर बदलतो. हे न केल्याने चांगले पेलेट नापास झालेले दिसते.

४. मग १० शॉट्सचा एक गुच्छ, असे तीन गुच्छ मारा. एका गुच्छावरून काहीच ठरवू नका.

५. कडेपासून कडेपर्यंत कॅलिपरने मोजा, तिन्हींची सरासरी घ्या.

६. जिंकलेल्या मापाच्या डब्यावरचा बॅच क्रमांक लिहून ठेवा आणि परवडेल तितके त्याच बॅचचे डबे लगेच घ्या.

सराफाच्या काट्यावर एकेक पेलेट तोलायची हौस बऱ्याच जणांना असते. ०.०१ ग्रॅमच्या फरकाने दहा मीटरवर शॉट सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर खाली-वर जातो. राष्ट्रीय पातळीच्या रायफल नेमबाजाला तेवढे महत्त्वाचे असू शकते, पण ज्याचा गुच्छ अजून ३० मिलिमीटरचा आहे त्याने तो वेळ सरावात घालवावा. तोलण्यापेक्षा पाहणे उपयोगी आहे. पेलेट काचेवर उभे करून फिरवा, मागची पातळ घेरदार कड वाकली असेल तर ते बाजूला काढा. डबा पडला की ही कड आधी चेपते. म्हणूनच डबे बॅगेत सुटे न टाकता फोममध्ये ठेवावेत.

शिसे विषारी आहे. पेलेट तोंडात धरायचे नाहीत, हाताळताना वडा-पाव खायचा नाही, सराव संपल्यावर साबणाने हात धुवायचे. पेलेट ट्रॅपभोवतीची (टार्गेटमागे पेलेट अडवणाऱ्या पेटीभोवतीची) धूळ ओल्या फडक्याने पुसा. कोरड्या झाडूने ती हवेत उडते आणि श्वासात जाते. घरी लहान मूल असेल तर रेंजवरचे कपडे वेगळे धुवावेत.

हवा

आजच्या स्पर्धेच्या बंदुका दाबाच्या हवेवर चालतात. बंदुकीला लावलेला हवेचा सिलिंडर बहुधा २०० बारचा (बार हे दाबाचे माप) असतो, काही नव्या मॉडेलचा ३०० बारचा. आकडा सिलिंडरवरच कोरलेला असतो, तो वाचल्याशिवाय काहीही जोडू नका. हवा भरून घ्यायची मोठी टाकी ३०० बारची आणि बंदुकीचा सिलिंडर २०० बारचा असेल, तर झडप उघडी ठेवून गप्पा मारणे हा जीवघेणा निष्काळजीपणा आहे.

भरायची पद्धत: सिलिंडरचे तोंड आणि ओ-रिंग (हवा अडवणारे रबरी कडे) पुसा, अडॅप्टर हाताने घट्ट बसवा, पाना वापरू नका. मोठ्या टाकीची झडप अगदी हळू, पाव फेरीने उघडा. दाबमापकाचा काटा सावकाश चढू द्या. झटकन भरले तर हवा तापते, मापक २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर १८० वर येतो. ठरलेल्या दाबावर टाकीची झडप बंद करा, मधली हवा ब्लीड स्क्रूने सोडा आणि मगच सिलिंडर काढा. ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले की स्फोट होतो.

हातपंप स्वस्त पडतो आणि फ्लॅटमध्ये चालतो, पण मुंबईत त्याची एक मोठी अडचण आहे. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना दर घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असते. ०.२ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरायला ४० लिटर हवा लागते, म्हणजे तिच्यासोबत सुमारे १ ग्रॅम पाणी येते. गाळणी नसेल तर त्यातले बरेचसे आत साचते. त्याने रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला ठरावीक दाबाची हवा देणारा भाग) गंजतो आणि शॉटचा वेग वर-खाली व्हायला लागतो. म्हणून पंप घेतला तर आर्द्रता शोषणारी गाळणी सोबत घ्याच आणि तिच्यातले दाणे रंग बदलले की बदला. ५ मिनिटे पंप मारल्यावर १५ मिनिटे थांबा, आणि प्रत्येक वेळी ब्लीड झडप उघडून साचलेले पाणी बाहेर काढा.

क्लबमध्ये कोरडी हवा देणारा कंप्रेसर असेल तर तिथेच भरणे उत्तम. तीन-चार घरांनी मिळून मोठी टाकी घेणेही परवडते: १० लिटरची टाकी ३०० पासून २०० बारपर्यंत उतरेपर्यंत १,००० लिटर हवा देते. ०.२ लिटरचा सिलिंडर ७० वरून २०० बारवर न्यायला २६ लिटर लागते, म्हणजे ३८ वेळा पूर्ण भरता येतो. या टाकीची ठरावीक मुदतीने जलदाब चाचणी करावी लागते. भरलेली टाकी लोकलमधून नेऊ नका.

सिलिंडरलाही मुदत असते, बहुतेक कंपन्या १० वर्षे देतात, आणि तारीख त्यावर कोरलेली असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. घरीही चालवू नये.

आता बंदूक

सहा महिने टिकलात, गुच्छ लहान होऊ लागला, की मग बंदूक बघायची. दुकानात वेग आणि ब्रँड सांगतात. तुम्ही मात्र अंगाला बसते का ते बघा.

रायफलचे वजन ५.५ किलोपर्यंत चालते, पण बारा वर्षांच्या मुलाला तेवढी दिली तर तो कमरेतून मागे वाकतो, आणि ती सवय पुढे पाठदुखीला कारण ठरते. त्याला ३.५ ते ४ किलोची हलकी रायफल द्या, मग वजने लावत वाढवा. बट-प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) पुढे-मागे आणि वर-खाली सरकली पाहिजे, गालाचा आधार उंच-सखल करता आला पाहिजे. तपासायचे असे: डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेका, डोळे उघडा. मागच्या साइटच्या छिद्रातून पुढची रिंग मध्यभागी दिसली तर बसते आहे. मान ताणावी लागली तर बसत नाही. पुढची रिंग नवशिक्याने ४ मिलिमीटरपेक्षा थोडी मोठीच घ्यावी. बारीक रिंगमध्ये काळा ठिपका हलताना जास्त दिसतो, माणूस घाबरतो आणि ट्रिगर ओढून टाकतो.

पिस्तुलात सगळे ग्रिपवर आहे. हाताच्या मापाप्रमाणे एक्स्ट्रा स्मॉल ते लार्ज अशा मापांत ग्रिप येते. बरोबर ग्रिपमध्ये तळव्याखालची पट्टी हाताला हलकेच टेकते, ट्रिगरवर बोटाचे पहिले पेर सरळ पडते, आणि डोळे मिटून हात उचलला की साइट सरळ रेषेत येतात. त्या डावीकडे किंवा उजवीकडे वळलेल्या दिसल्या तर ग्रिप घासून घ्यावी लागेल. घासताना थोडेथोडे काढा, काढलेले परत येत नाही. पूर्ण पिस्तूल १.५ किलोच्या आत, ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसणारे, आणि ट्रिगर सुटायला निदान ५०० ग्रॅमचा जोर लागायला हवा. ट्रिगर ५०० वर काटेकोर न ठेवता ५१५-५२० ठेवा, कारण तपासणीत ट्रिगरला टांगलेले वजन उचलले गेले नाही तर तिथेच धावपळ होते.

ड्राय फायरची (पेलेट न घालता ट्रिगर दाबायच्या सरावाची) सोय असलेलीच बंदूक घ्या. मुंबईच्या घरात दहा मीटर कुठे मिळणार? पण पाच मीटर मिळतात. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, समोरच्या कोऱ्या भिंतीवर अर्ध्या मापाचे टार्गेट लावा: रायफलसाठी काळा भाग १५.२५ मिलिमीटर, पिस्तुलासाठी २९.७५ मिलिमीटर. रेंजवर टार्गेटचे केंद्र १.४० मीटर उंचीवर असते. घरी पाच मीटरवर ते तुमच्या बंदुकीच्या नळीची उंची आणि १.४० मीटर यांच्या बरोबर मध्यावर लावा, म्हणजे हाताचा कोन तोच राहतो. रोजची २० मिनिटे पुरतात.

पावसाळा

फोमच्या केसमध्ये दमट बंदूक बंद करून ठेवली की आठवड्याभरात गंज आणि चामड्यावर बुरशी. घरी आल्यावर केस उघडी ठेवा, लोखंडी भाग किंचित तेलाच्या फडक्याने पुसा, घामाचे जाकीट पंख्याखाली टांगा. केसमध्ये २०० ग्रॅम सिलिका जेल ठेवा, दाण्यांनी रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवा. तेल हवेच्या मार्गात, झडपेवर किंवा ओ-रिंगवर अजिबात नको. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच. बॅरल एक डबा पेलेट संपल्यावर फेल्टच्या गोळ्यांनी मागून पुढे साफ करा. तोंडाकडून गज घातला की तोंडाची कड घासली जाते आणि अचूकता कायमची जाते.

वापरलेली बंदूक घेताना

जुनी, चांगली राखलेली परदेशी रायफल ही नवशिक्यासाठी बहुधा सर्वोत्तम खरेदी असते. पण पैसे देण्याआधी एवढे तपासा. सिलिंडरची तारीख. २०० बारपर्यंत भरून रात्रभर ठेवल्यावर काटा उतरतो का. क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) १० शॉट्स, त्यांच्या वेगातला फरक सेकंदाला ३ मीटरच्या आत हवा. रात्रभर ठेवल्यावर पहिलाच शॉट बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त वेगाचा आला तर रेग्युलेटर गळतो आहे, दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा. बॅरलच्या तोंडाची कड भिंगातून पाहा. मागच्या साइटचा स्क्रू दहा क्लिक एका बाजूला, दहा परत फिरवा आणि पुन्हा मारून बघा, शॉट त्याच जागी आला पाहिजे. मूळ बिल आणि बंदुकीवरचा क्रमांक जुळतो का तेही बघा. जुळत नसेल तर बंदूक कितीही चांगली असो, घेऊ नका.